माझ्या उसणीच्या मापाचा पटर

गोव्यातल्या एका गारेगार दुकानात माझ्या शरीराचं शास्त्रोक्त माप घेऊन एक पटर बनवला गेला आहे, आणि त्या मापाचं शरीर आता माझ्याकडे नाही.

पटर म्हणजे गोल्फमधली ती आखूड काठी, जिने चेंडू शेवटी खड्ड्यात हळूच ढकलतात. हे मला आज माहीत आहे. प्रकरण सुरू झालं तेव्हा माहीत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच झाला. माझं कसालच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. समोरून हायवे. फोनवरचं अर्धं बोलणं ट्रक खातो आणि उरलेलं आपण दुकानातल्या मालावरून ओळखायचं, ही माझी जन्माची सवय.

फोन होता रणदिवेसाहेबांचा, म्हणजे माझ्या होणाऱ्या व्याह्यांचा. आमची मेघना पुण्यात नोकरीला. तिथंच तिने त्यांचा मुलगा पसंत केलेला. साहेब मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, बोलणं एकदम छापील.

"सदानंदराव, तुमच्याकडे पटर आहे का हो?"

मला ऐकू आलं, पत्रा.

"आहे म्हणजे? भरपूर आहेत," मी म्हटलं.

"अरे वा. कोणता वापरता?"

"घरी साधाच. पण रंगीतसुद्धा ठेवतो. आठ फुटी, दहा फुटी."

मग साहेब असे हसले, असे हसले, की समोरच्या गिऱ्हाइकालाही ऐकू गेलं. "आठ फुटी पटर! वा, सदानंदराव. तुम्ही इतके मुरलेले खेळाडू आहात हे मेघनाने सांगितलंच नाही आम्हाला."

मी काय खेळतो ते मला कळेना. पण व्याही हसले की आपण हसायचं, हा मुलीच्या बापाचा पहिला नियम. (दुसरा नियम : कळलं नाही तर 'हो हो' म्हणायचं.) मी हसलो.

"मग सुटलाच की प्रश्न," साहेब म्हणाले. "लग्न पुण्यात की तुमच्याकडे, यावरून ताणत बसायला नको. महिनाअखेरीला मी येतोच आहे. तुमच्या अंगणात पटिंगचा सामना खेळू. जो जिंकेल त्याच्या गावी लग्न. कबूल?"

"हो हो," मी म्हटलं.

रात्री मेघनाने फोनवर गोल्फ म्हणजे काय, पटर म्हणजे काय ते सगळं समजावून सांगितलं. स्पीकर चालू होता. माझी बायको सुमन शेजारीच बसून ऐकत होती.

"तुमका गोल्फ येता?" तिने विचारलं.

"नाय."

"मगे व्हय कित्याक म्हटलात?"

"ते हसले म्हणून."

सुमन उठली आणि ओट्यावर जाऊन अंगणाकडे बघत बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. आमचं लग्न मुंबईत एका हॉलमध्ये झालं होतं. सप्तपदी चालू असतानाच पुढच्या पार्टीची फुलं आत यायला लागली, आणि आमच्या फोटोत मागच्या कमानीवर दुसऱ्याच नवरा-नवरीचं नाव आहे. तेव्हापासून तिने एकच गोष्ट मनात धरलेली : मेघनाचं लग्न आपल्या दारात. त्यासाठी दरवर्षी पाऊस सरला की ती स्वतः बसून घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, करून घेते, चोपून, सारवून, आरशासारखं. "माझ्या चेडवाचा लगीन माझ्याच खळ्यात होवक व्हया," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आणि ते खळं मी एका 'हो हो'त पणाला लावून आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी सरावाला लागलो. छत्री उलटी धरली, सुपारी जमिनीवर ठेवली, मेघनाने सांगितल्याप्रमाणे गुडघे किंचित वाकवले, कंबर वाकवली, आणि कमरेत कट्ट करून आवाज आला. सुपारी जिथल्या तिथे. मी मात्र डावीकडे कलंडलो तो कलंडलोच. उसण भरली! ज्याला उसण माहीत नाही तो सुखी माणूस. ती भरली की देव जसा ठेवील तसं राहायचं. मला त्याने कमरेत वाकवून, डावा खांदा खाली, उजवा वर आणि तोंड डाव्या पायाच्या अंगठ्याकडे, असा ठेवला.

नेमका त्याच दिवशी साहेबांचा फोन. "सदानंदराव, तुमचे ते आठ फुटी विनोद राहू द्या. पटर म्हणजे चपलेसारखा, ज्याचा त्याच्याच मापाचा हवा. गोव्यात माझ्या ओळखीचा एक तरुण आहे, उत्तम फिटिंग करतो. उद्याची तुमची वेळ घेऊन ठेवली आहे."

आयुष्यभर मी फिटिंग विकलं. एल्बो, टी, सॉकेट. माझंच फिटिंग व्हायची ही पहिलीच वेळ.

"कमर बरी होवंदे, मगे जावया," सुमन म्हणाली.

"व्याह्यांनी वेळ घेतलीहा. उसण भरली म्हणून सांगू? म्हणतील, ह्यो खेळायच्या आधीच मोडलो."

गेलो. भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर मी आडवा आणि सुमन माझे पाय मांडीवर घेऊन. दुकानात पोचलो तर तो तरुण दारातच नम्रपणे उभा. आत हिरवं गवत अंथरलेलं (खोटं), समोर कॅमेरे, भिंतीवर पडदा.

"सर, काही विचार करू नका. रोज जसे उभे राहता तसेच उभे राहा," तो म्हणाला.

मी उभा राहिलो. म्हणजे मला जसं राहता येत होतं तसा. तो माझ्याभोवती एक फेरी मारून आला. मग उलटी फेरी मारून आला.

"सर, तुम्ही कायम असेच उभे राहता?"

"कायम," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? हा उद्या साहेबांना फोन करणार.

त्याने माझ्या नाकासमोरून ओळंबा सोडला. (गवंडी भिंतीला लावतात तोच. माझ्या दुकानात टांगलेले असतात.) खेळाडूचा डोळा चेंडूच्या बरोबर वर आला पाहिजे, असं शास्त्र आहे म्हणे. माझा डोळा डाव्या अंगठ्याच्या वर आला. त्याने चेंडू अंगठ्याजवळ आणून ठेवला. हात सैल सोडायला सांगितले, ते गुडघ्यापर्यंत लोंबले. त्याने तेही मोजलं. पोरगा कामात इमानदार. मी वाकडा तर वाकडा, पण त्या वाकड्याला साजेसा पटर करायचा, या एकाच ध्यासाने तो झपाटला. दांडा कापायला त्याने करवत काढली तेव्हा मात्र सुमनला राहवेना.

"ह्येंची कमर बरी झाली, तर मगे?" ती माझ्या कानात कुजबुजली.

"गप रव गो," मी म्हटलं.

दांडा कापला गेला. मग त्याने यंत्रात धरून पटरची मान वाकवली, मूठ बसवली आणि काठी माझ्या हातात दिली. खरं सांगतो, ती हातात अशी बसली की जन्मापासून माझीच होती. चेंडू मारला, गेला खड्ड्यात. दुसरा मारला, गेला. मग मी मारत सुटलो आणि ते जात सुटले. पोराच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "सर, असा स्टान्स मी आजवर पाहिला नाही. पण तो बदलू नका," तो म्हणाला.

परत येताना इन्सुलीला, गोव्याची दारू पकडतात त्या तपासणी नाक्यावर, गाडी अडवली. गोव्याहून येणारी गाडी, मागे लांबट खोका, आणि शेजारी डावीकडे कलंडलेला माणूस. नाक्यावरच्या अधिकाऱ्यांनी आधी माझा वास घेतला.

"खोक्यात काय आहे?"

"पटर," मी म्हटलं.

"पत्रा? एवढासा?" त्यांनी खोका उघडायला लावला, काठी उलटसुलट पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मग सुमनला म्हणाले, "वहिनी, काठी जरा आखूड घेतलीत. ह्यांना आधाराला उंच पाहिजे."

घरी येऊन खळ्याच्या मधोमध नारळाची करवंटी पुरली आणि सराव सुरू केला. एकही चेंडू चुकेना! सुमनच्या चेहऱ्यावर तर किती दिवसांनी हसू आलं. मांडवाला कुणाकडचे वासे आणायचे, ते तिने परस्पर ठरवूनही टाकलं. आणि माझ्या उसणीची तिने काळजी घ्यायला सुरुवात केली. म्हणजे ती जाऊ नये याची. बाम कपाटात कुलपाआड गेला. मी गरम पाण्याची पिशवी मागितली तर म्हणाली, "शेक घेवूचो नाय. लगीन होवंदे, मगे किती व्हयो तितको घेवा."

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी खळ्यात ओणवा होऊन चेंडूवर नेम धरला होता. फाटकाकडे पाठ. तेवढ्यात मागून आमची अक्का आली.

अक्का माझी थोरली बहीण. राहते आमच्याच घरी. पण मधले काही दिवस लेकीकडे पिंगुळीला गेली होती, त्यामुळे तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि अक्का पायाळू आहे. पायाळू म्हणजे जन्मताना जो आधी पायांनी बाहेर येतो तो. अशा माणसाने पाय लावला की उसण जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लांबलांबची वाकडी माणसं रिक्षा करून अक्काकडे येतात आणि चालत परत जातात. तिने भावाला वाकलेला पाहिलं. हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता तिने माझ्या कमरेत पाय हाणला.

कमरेत पुन्हा कट्ट झालं. मी सरळ उभा. दोन्ही खांदे एका रेषेत, मान ताठ, कळ गायब. आणि हातातला पटर जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होता.

"गेली रे मरे तुझी उसण," अक्का खुशीत म्हणाली. "कधीपासून भरल्ली? माका फोन करूचो नाय?"

सुमन चहा घेऊन बाहेर आली. मला ताठ उभा पाहिलं आणि तिने माझा चहा पायरीवरच ठेवून दिला.

"अक्कानू," ती म्हणाली, "ह्या काय केलात तुमी?"

एखादा माणूस बरा झाला म्हणून घरात सुतक पडल्याचं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. सगळी हकिगत ऐकून अक्का कपाळाला हात लावून बसली. "माझ्या पायाक आग लागो," म्हणाली. मग आम्ही तिघंही गेलेली उसण परत आणायच्या मागे लागलो. दुकानात जाऊन मी सिमेंटची गोणी मुद्दाम चुकीच्या बाजूने उचलली. एरवी ती बघूनच माझी कंबर धरते. त्या दिवशी गोणी फुलासारखी वर आली! अक्काने तपकीर ओढायला दिली, शिंकेने उसण भरते म्हणून. शिंकून शिंकून नाक लाल झालं, डोकं हलकं झालं, कंबर ठणठणीत.

शेवटी संध्याकाळी देवाला नारळ ठेवला. आमच्याकडे सगळे उपाय थकले की गाऱ्हाणं घालतात. मी घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुझ्याकडे एकच मागणा केल्यान आसा. उद्या ह्या खळ्यात जो कोण गोल्फ खेळात, त्येच्या कमरेत जी काय उसण आसात ती भरांदे, आणि चेडवाचा लगीन ह्याच खळ्यात होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सुमन आणि अक्का एका सुरात म्हणाल्या.

गाऱ्हाण्याची भाषा 'जो कोण' आणि 'जी काय' अशीच असते. बापजाद्यांपासून चालत आलेली. तिच्यात नाव-पत्ता घालायचं मला सुचलं नाही.

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सुमनने पहाटेच खळं सारवून ठेवलं होतं. ते बघून साहेब हरखले. "असं मैदान मी कुठे पाहिलं नाही," असं म्हणून त्यांनी बूट काढले आणि अनवाणी खेळायला उतरले. माणूस चांगला, हेच तर दुखणं होतं.

मला उसण नव्हती, म्हणून मी तिचं सोंग घेतलं. डावा खांदा खाली, नजर अंगठ्यावर. सोंगाला पटर फसला नाही. पहिला चेंडू कोंबड्यांच्या खुराड्यात गेला. दुसरा ओट्याच्या पायरीवर आपटून माझ्याकडेच परत आला. एक तर अक्काच्या वाळत घातलेल्या आमसुलांत शिरला आणि सापडलाच नाही. साहेब शांतपणे आपले चेंडू करवंटीत घालत होते.

"सदानंदराव," ते हळूच म्हणाले, "तुमचा पटर जरा तिरका वाटतो का हो?"

"मापाचा आहे," मी म्हटलं.

खेळ संपला. जिंकलं कोण, ते सांगायला नको. सुमन दारातून आत गेली. पाठमोरी, पदर डोळ्यांना लावलेला. आयुष्यात मी पुष्कळदा हरलोय, पण दुसऱ्या कुणाच्या नावाने हरणं फार वाईट.

"चला, पुणे ठरलं," साहेब दिलदारपणे म्हणाले आणि करवंटीतला चेंडू काढायला वाकले.

वाकले ते वाकलेच.

"सदानंदराव," खालून आवाज आला.

"बोला."

"मला उठता येत नाही."

मी आधी देवघराकडे पाहिलं, मग साहेबांकडे. ते उजवीकडे कलंडले होते. देवाने मागणं मान्य केलं होतं, फक्त डिलिव्हरी शेजारी झाली होती.

अक्का ओट्यावरून उतरली, पदर खोचला आणि साहेबांच्या मागे जाऊन उभी राहिली. सुमन आतून धावत आली. "अक्कानू, नको. मुलग्याचो बापूस तो. आमी त्येंचे पाय धुवूचे, आणि तुमी लाथ मारतास?"

"लाथ नाय गो. पाय लावतंय."

"काय म्हणताहेत त्या?" साहेबांनी जमिनीला विचारलं.

मी दुभाषा झालो. "माझी बहीण पायाळू आहे, तुम्हाला पाय लावायचं म्हणते."

"कुठे?"

"कमरेत. जोरात."

साहेब थोडा वेळ कण्हले. पुण्याच्या माणसाला निर्णयाला वेळ लागतो. मग म्हणाले, "लावा."

अक्काने पाय उचलला. आणि तसाच धरला.

"पावण्यांनू," ती शांतपणे म्हणाली, "लगीन खंय?"

"त्या विचारताहेत, लग्न कुठे?" मी सांगितलं.

"पुण्यात. मी जिंकलोय."

अक्काने पाय खाली ठेवला. "बरां. मगे पुण्यातच गावतलो तुमका कोणतरी पायाळू." आणि ती ओट्याकडे चालायला लागली.

याचं भाषांतर मी पूर्ण केलंच नाही. साहेबांना अर्ध्यात कळलं. "अहो, इथेच. ह्याच अंगणात. थांबवा त्यांना."

अक्का परत आली. पाय बसला, कट्ट झालं आणि साहेब उंच, सरळ, पहिल्यासारखे उभे राहिले. त्यांनी कंबर डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. व्याह्याला लाथ मारलेलं घर म्हणून जिल्ह्यात नाव होणार, एवढंच माझ्या डोक्यात. साहेब एकदम हसायला लागले. फोनवर हसले होते त्याच्या दुप्पट. मग सुमनकडे वळून म्हणाले, "वहिनी, शब्द म्हणजे शब्द. मांडव कधी घालायचा?"

सुमन सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. मलाही रडू आलं, पण मी तपकिरीवर ढकललं.

लग्न झालं. आमच्याच खळ्यात, झावळ्यांच्या मांडवाखाली, आणि कमानीवर आमच्याच मुलीचं नाव. लाथ मारीन तिथं पाणी काढीन म्हणतात, आमच्या अक्काने मांडव काढला. साहेबांनी ही गोष्ट गाडीभर वऱ्हाडाला सांगत आणलेली. त्यामुळे जेवणं झाल्यावर पुण्याची निम्मी मंडळी ओट्यासमोर रांगेत पाठ करून उभी, आणि अक्का नव्या साडीत एकेकाला पाय लावतेय. वधूपिता म्हणून मी कडक धोतर नेसून मांडवाच्या दारात हात जोडून उभा होतो. माझ्याकडे कुणी आलं नाही. एक आजोबा आले, त्यांनी हात धुवायचं पाणी कुठे आहे ते विचारलं.

अखेर रांगेतल्या एका बाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी अक्काला विचारलं, "हे कोण हो?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं, फार मायेने पाहिलं.

"ह्यो माझो भाव," ती म्हणाली. "आधी ह्येच्याच पाठीर माझो पाय बसलो."